रिकामी कातर

दिवाळीनंतर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला. बोलणं सावरलं, पण डाव्या हाताची बोटं मांडीवर नुसती पडून असायची. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस. "कातर काय, कुणीबी चालवतं," ते नेहमी सांगायचे, "डाव्या हातानं कातडं ताणता आलं पाह्यजे. न्हाईतर मेंढीला जखम."

आम्ही शहाण्यांनी काय केलं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांची कातर पत्र्याच्या पेटीत टाकली आणि मेंढ्या कातरायला नाल्यापलीकडे नेल्या.

मी जालन्यात राहते. तिथल्या दवाखान्यात लकव्याच्या रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हे ऐकून मला झापलंच. म्हणाल्या, ज्यानं एखादं काम हातानं वर्षानुवर्षं केलंय, त्याच्या कानावर त्या कामाचा आवाज पडला की मेंदूतला हात हलवणारा भाग जागा होतो, हात हलो न हलो. "ऐकवा त्यांना, आणि लवकर. पहिले महिने निघून गेले की अवघड होतं. खात्री मात्र मी देत नाही." तीन महिने आधीच गेले होते. गावाकडच्या बसमध्ये जाफराबादपर्यंत मी जीवात जीव नसल्यासारखी बसून होते.

घरी पोचताच पेटीतली कातर काढली आणि आबांच्या कानाशी वाजवत सुटले. आई ओरडली, "अगं, रिकामी कातर वाजवू नये, घरात भांडणं व्हतात!"

भांडण झालंच, तेही दादाशी. "कशाला त्यायला खिजवून राह्यली?" तो म्हणाला. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. आबांचा हात मात्र जागचा हलला नाही. शेवटी आबाच वैतागले. "हवा कातरून राह्यली का? हा लोकरीचा आवाज न्हाई."

त्यांचं बरोबर होतं आणि मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं कुरकुरत का होईना, दारातल्या कडुलिंबाखाली मेंढी आडवी पाडली. "आज न्हाई झालं, तर मंग पुन्हा हा तमाशा न्हाई," त्यानं बजावलं. मी बाजेवर आबांशेजारी बसले आणि त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

दाट लोकरीतून कातर खर्र खच्च, खर्र खच्च चालू लागली. पाठ झाली. काही नाही. बरगड्या झाल्या. दादा माझ्याकडे बघेना, आई घरातून बाहेर येईना. मला भयंकर भीती वाटत होती, आणि ती आबांना कळेल याची त्याहून जास्त.

दादानं मेंढी पोटावर कातरायला उलटी केली. तिथलं कातडं सैल असतं. आवाज अडखळला.

"ताण!" आबा ओरडले.

दादानं कातडं ताणलं आणि कातर पुन्हा लयीत चालू लागली. मी तिकडे बघितलंच नाही. माझ्या मनगटावरची कातडी आबांच्या अंगठ्याखाली हळूहळू ताणली जात होती.

मी हलले नाही. कातरताना मेंढीनं हलायचं नसतं.