मापाडी आणि ताईंचा जावई

मापाडी हे त्याचं खरं नाव नव्हे. कामावर सगळे त्याला तसं म्हणायचे, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी औषध मोजायचं नळकांडं असायचं. आम्ही घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण, पिसवा मारायचो. बावीस वर्षं एक पंप त्याच्या पाठीवर, एक माझ्या. बाकीचे अंदाजाने औषध ओतायचे. तो नळकांडं डोळ्यांसमोर सरळ धरायचा आणि थेंब जास्त झाला तर परत बाटलीत सोडायचा. कपाट ओढून त्याच्या मागे फवारायचा आणि पुन्हा फरशीवरच्या त्याच खुणेवर लावायचा. विष वाईट नसतं, माप वाईट असतं, असं तो म्हणायचा. कामात त्याने अंग चोरलेलं मी पाहिलं नाही.

एक सवय मात्र त्याची आम्हा सगळ्यांसारखीच होती. औषध आलं की खोकं फाडून फेकायचं. खोकं पिशवीत जागा अडवतं, ओलं झालं की लगदा होतो. मग आम्ही बाटलीवर चिकटपट्टी लावून आपल्या अक्षरात लिहायचो : झुरळ, ढेकूण, पिसू. वर्षानुवर्षं त्याने काही बिघडलं नाही.

त्याची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांच्या ताई, दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. यजमान गेल्यापासून एकट्या. मूलबाळ नव्हतं. घरात एक तांबूस बोका होता, त्याचं नाव त्यांनी जावई ठेवलं होतं. मुलगी नसली म्हणून काय झालं, त्या म्हणायच्या, आयतं खाऊन सोफ्यावर लोळणारं घरात कुणीतरी हवंच. दिवसभरात त्या ज्याच्याशी बोलायच्या असा तो एकटाच होता.

आम्ही दोघे निवृत्त झालो त्याच वर्षी ताईंच्या घोट्यांवर लाल ठिपके उठले. मापाड्याने ते पाहिले, बोक्याची पाठ विंचरली आणि कंगव्यातले काळे कण ओल्या कागदावर झटकले. कणांभोवती तांबडं पाणी पसरलं. पिसवांची विष्ठा, म्हणजे खाल्लेलं रक्त. आधी जावयाची सोय लावू, मग घराची, असं त्याने ठरवलं.

त्याच्या पिशवीत मानेवर सोडायच्या औषधाच्या दोन नळ्या उरल्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या शिकारी कुत्र्यांसाठी आणलेल्या. खोकं कधीच गेलं होतं, पट्टीवर ‘पिसू’ एवढंच लिहिलेलं. दहा किलोच्या कुत्र्याला एक नळी, हे त्याच्या लक्षात होतं. बोक्याला घेऊन तो वजनकाट्यावर उभा राहिला, मग एकटा उभा राहिला. फरक चार किलो चारशे. त्या हिशेबाने निम्म्याहून कमी औषध त्याने बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर सोडलं. मांजराला चालतं ना, असं ताईंनी विचारलं.

“मांजर म्हणजे लहान कुत्रंच, ताई. वजन करून दिलंय.”

हे सकाळी. दुपारी ताईंचा फोन आला. बोक्याचे कान फडफडत होते, तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय थरथरत होते. मापाडी पोचला तेव्हा शेजारीण वाटीत दूध घेऊन उभी होती. त्याने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दूध नको, त्या म्हणाल्या, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन मान धुवा, पुसून टॉवेलात गुंडाळा आणि लगेच या. त्याने तसंच केलं. बोका हातातच आकडी आल्यासारखा ताठ झाला.

“तू माप घेतलं होतंस ना?” रिक्षात ताईंनी विचारलं.

“घेतलं होतं.”

दवाखान्यात बोक्याला सुई टोचून आत नेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी खोकं मागितलं. फेकलं, असं तो म्हणाला आणि खिशातली नळी पुढे केली. पट्टी सोलून खालचं छापील नाव वाचून त्यांनी फळीवरून तसंच खोकं काढलं आणि उलटं करून त्याच्या हातात दिलं. मागे मांजराचं चित्र होतं, त्यावर तांबडी फुली.

“मापात चूक नाही, काका. मांजराच्या अंगाला हे औषध पचवताच येत नाही. कुत्र्याचं यांना थेंबभरही लावायचं नाही.”

त्याने उभ्याउभ्या ते खोकं चारही बाजूंनी वाचलं. मग बाकावर ताईंच्या शेजारी बसला.

“मी तुझ्या मापावर डोळे मिटून विसंबले,” त्या म्हणाल्या.

थरथर थांबायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी जावई घरी आला, अशक्त, पुढच्या पायावरचे केस सलाईनसाठी भादरलेले. मापाडी पंप घेऊन गेला तर ताई दारात उभ्या. पंप जिन्यात ठेव, त्या म्हणाल्या. या घरात तुझं औषध येणार नाही.

पिसवा तर होत्याच. मांजरांसाठीचं औषध डॉक्टरीणबाई बोका सावरल्यावर देणार होत्या. घर मापाड्याने हातांनी करायला घेतलं. व्हॅक्यूमने सोफ्याच्या फटी, गादीच्या शिवणी, भिंतीच्या कडा, आणि पिशवी प्रत्येक वेळी खाली नेऊन रिकामी. चादरी, पडदे कढत पाण्यात. बोक्याला बारीक कंगवा, कंगवा साबणाच्या पाण्यात. पंपाचं काम तासाभराचं असतं. हे रोज तीन तासांचं होतं, आणि रोजच करायला लागतं, कारण कोशातल्या पिसवा आठवडे गेले तरी बाहेर येत राहतात. मी एकदा कपाट ओढायला गेलो. खुणेवर परत ठेवेपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

काम झालं की तो पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून सगळ्या खोल्यांतून हळूहळू चालायचा, मग ताईंसमोर पाय वर करायचा. मोज्यांवर उडून बसलेल्या पिसवा मोजायच्या ताई. पहिल्या दिवशी एकोणीस. दहाव्या दिवशी सात. मधे पुन्हा बारा. सव्विसाव्या दिवशी मोजे कोरे निघाले.

ताईंनी चष्मा लावून दोन्ही मोजे पाहिले, उलटे करून पाहिले.

“अजून चार दिवस चाल,” त्या म्हणाल्या.

तो चालला. पाचव्या दिवशी त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदा त्याला बसायला सांगितलं. सोफ्यावर जावई पसरला होता, म्हणून तो खुर्चीवर बसला.