दोन प्रोसेसर, चार दिवस
हुबळीच्या त्या ऑफिसात आम्ही दोघीच कामाला होतो, मी आणि अक्का. बांधायच्या आधीच घर कसं दिसेल त्याची छोटी फिल्म करून बिल्डरांना द्यायची, हा धंदा. नकाशावरून घर मी उभं करायची. भिंती, जिना, गच्चीवरची टाकी, दारातला नारळ. मग त्याची फिल्म काढायची म्हणजे रेंडर, आणि ते अक्कांकडे. चार जुने कॉम्प्युटर होते, एकट्याच्यानं पुरी फिल्म व्हायची नाही. अक्का तिचे तुकडे करायच्या, चौघांत वाटायच्या, अडकलेला परत चालू करायच्या, शेवटी सगळं जोडायच्या. पंख्याच्या आवाजावरून त्यांना कळायचं, आता कुठला बसणार ते. माझ्याहून त्या वीसेक वर्षांनी मोठ्या. मी मराठीत बोलायची, त्या कन्नडात, आणि मधे कुठेतरी आमचं जमायचं.

मालकांनी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं दोन जोडून पाठवले, बाहेरून सारखेच, आत प्रोसेसर तेवढा वेगळा. चार दिवस वापरून बघा, म्हणाला. मालक मला म्हणाले, "कुठला ठेवायचा ते तुम्ही सांगा. पण नीट तपासून."

मी नीट तपासलं. पहिल्यात कोअर कमी होते, पण एकेक चपळ. दुसऱ्यात कोअर पुष्कळ. हे मी अक्कांना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पापड लाटायला एक हुशार बाई आणायची, का सगळ्या गल्लीला बोलवायचं?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

दोन्हीवर एकच फाइल, एका दुमजली बंगल्याची. प्रत्येकी तीनदा. मधे थंड व्हायला वेळ. वेळा अक्का लिहून घ्यायच्या, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, दोन रकाने आखून. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "पहिल्याला खिडकीतलं ऊन लागतंय. तापला की तो हळू चालणार. जागा बदलून परत घे." मी परत घेतलं.

नकाशा उघडायला, भिंत सरकवायला पहिलाच बरा वाटायचा. रेंडर लावलं की मात्र आम्ही जेवून, भांडी धुऊन, खाली चहा पिऊन यायचो तरी त्याचं चाललेलंच असायचं. दुसऱ्यावर पुरी फिल्म एकदम लावली, तुकडे न करता. अक्कांनी डबा उघडून भाकरीवर चटणी घेतली असेल नसेल, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "मुगीतु नोड." झालं बघ. मग त्यांनी हात पुसून वेळ लिहिली आणि परत जेवायला बसल्या.

चौथ्या दिवशी मालक आले. अक्का नळाशी डबा धूत होत्या. मी ते पान दाखवलं आणि दुसरा ठेवा म्हणून सांगितलं.

"म्हणजे आता तुकडे करायला नकोत?"

"नकोत."

"जोडायलाही नकोत?"

"नाही."

मालकांनी पान उलटून बघितलं, पलीकडे नुसत्या तारखा होत्या. "मग हे सगळं तुम्ही एकट्या सांभाळाल?"

मी हो म्हटलं. नळाचं पाणी बंद झाल्याचं मला ऐकू आलं होतं. थोडा विचार करून सांगते, असं म्हणता आलं असतं. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर खरं होतं.

महिनाअखेरीला मालकांनी अक्कांना आत बोलावलं. बाहेर आल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून चष्म्याचं घर, विक्स, देवाचा एक फोटो काढून पिशवीत भरला. मी खुर्चीतून उठले.

"अक्का, त्यांनी मला विचारलं तेव्हा..."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आणि वेळा कोण लिहीत होतं? कुठला राहणार ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग ऊन लागतंय म्हणून का सांगितलंत? पहिल्याला तसंच राहू दिलं असतं तर..."

"उलटं बोलतेस. पहिल्याचाच आकडा आणखी वाईट आला असता. माझं तरी कुठे भलं होणार होतं?" पिशवीचे बंद बांधता बांधता त्या थांबल्या. "आणि चुकीचं मोजून काय करायचं गं? होग्ली बिडु." जाऊ दे.

त्या गेल्यावर मी परत खुर्चीत बसले आणि पडद्यावर अर्धा राहिलेला जिना पुरा केला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी, मळमड्डीला, आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, नवीन मशीन चांगलं आहे. जेवले, झोप लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच. कितीतरी आठवडे मी वेळेवर जायची, वेळेवर यायची, आणि मधे दिवसभर काय केलं ते सांगता यायचं नाही. रेंडर इतक्या लवकर व्हायचं की मालकांनी कामं वाढवली. कधी मी मशीनच्या डब्यावर हात ठेवून बघायची, गरम आहे का. एवढंच.

परवा सकाळच्या बसमध्ये अक्का भेटल्या. अमरगोळच्या बाजारसमितीत एका मिरची व्यापाऱ्याच्या ऑफिसात लागल्यात म्हणाल्या. आधी शिंका यायच्या, आता सवय झाली. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, माझे केस फार गळतायत म्हणाल्या. त्यांचा थांबा आला तेव्हा मी खालची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. त्या उतरल्या. जागा मोकळी झाली म्हणून मी खिडकीकडे सरकले.