कानशीने घासलेली पट्टी

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजातली मुलं मिळून रोबोट बनवतात आणि स्पर्धेला नेतात. रोबोटचा हात खांद्याला जिथे बसतो, तिथली ॲल्युमिनियमची पट्टी हिने घरीच केली. कॉलेजचं वर्कशॉप संध्याकाळी बंद होतं, म्हणून माझ्या शिलाई मशीनच्या फळीला आवळून कानशीने घासत बसायची. चुरा सगळा माझ्या ब्लाउजांच्या कापडात. शेजारीण दारातून विचारायची, "काय गो, गिरण परत चालू झाली काय?"

मला तो आवाज आवडायचा. कधी बोलले नाही.

मग त्यांना एक कंपनी स्पॉन्सर मिळाली. सगळे भाग मशीनवर फुकट कापून देणार. टीमचा लीडर आमच्या खोलीत बसून हिला म्हणाला, "अगं, आयतं मिळतंय तर घासतेस कशाला?"

"मोडलं तर परत त्यांच्या दारात उभं राहायचं? आणि आपण शिकणार काय?"

"शिकलीस की. आता जिंकूया."

बाकीचेही त्याच्याच बाजूने. हिने ड्रॉइंग कंपनीला पाठवून दिलं. आपली पट्टी रोबोटवर राहावी, एवढंच तिला हवं होतं.

कंपनीची पट्टी आली, आरशासारखी. मुलं रोबोटचा सांगाडा घेऊन आमच्याकडे आली, पण पट्टी बसेचना, भोकं जुळत नव्हती. लीडर तावातावाने कंपनीला फोन लावायला निघाला, तर हिने ड्रॉइंग पुढे ठेवलं. पट्टी अगदी ड्रॉइंगप्रमाणे होती. चुकलं होतं आमच्याच घरी. हिने पट्टी घासत घासत बसवली, सांगाड्याची भोकंही तिच्यावरूनच पाडली, आणि ड्रॉइंग बदलायचं राहून गेलं. मीही गिऱ्हाईक बाईचा जुना ब्लाउज समोर ठेवूनच नवा कापते. तो त्या बाईला नीट बसतो, पण माप कागदावर कुठेच नसतं.

"मग तुझीच लाव," लीडर म्हणाला. "स्पर्धा तोंडावर आलीय."

मी चहा गाळता गाळता थांबले.

तिने दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मग म्हणाली, "नको. माझी मोडली तर तशीच दुसरी मलासुद्धा जमणार नाही. ही ड्रॉइंगवरून कधीही परत करता येईल. सांगाड्यालाच नवी भोकं पाडू. तू धर घट्ट."

त्याने धरलं, हिने ड्रिल चालवलं. आधी स्वतः घासलं नसतं, तर नवी भोकं कुठे पाडायची ते तिला कळलं असतं का? मला नाही वाटत. हे तिला सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून इथे लिहिते.

तिची पट्टी तिने मला दिली, कापताना कापडावर वजन म्हणून ठेवायला. कडा इतक्या गुळगुळीत आहेत की रेशमी कापडाचाही धागा ओढला जात नाही.