शेडचं वायफाय, ऑफिसचं वायफाय

मी राहू गावात पोचलो तेव्हा प्रियांकाताईंची बॅग गाडीत ठेवून झाली होती. मी केडगाव भागात ब्रॉडबँडच्या लाइनी बघतो. तक्रार साधीच होती, नेट सारखं अडकतं. प्रकरण मात्र पुढे गेलं होतं.

ताई घरून एका कंपनीचं काम करायच्या. मीटिंगमध्ये त्यांचा आवाज तुटायचा. मॅनेजरनं सांगितलं, सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसला या. त्यांचे सासरे संपतआबा. रस्त्यापलीकडं त्यांची कोंबड्यांची शेड. तिथला कॅमेरा आणि तापमानाचा सेन्सर याच वायफायवर. उन्हाळ्यात पंखे थांबले आणि सेन्सरनं मोबाईलवर कळवलं नाही, तर पक्षी मरतात.

"शेखभाई, सूनबाईच्या हापिसानं माझं नेट खाल्लंय," आबा म्हणाले.

"आणि तुमचा कॅमेरा दिवसभर चालतो, त्याचं काय?" ताई म्हणाल्या.

दोघंही थोडे थोडे बरोबर होते. राउटरचे दोन बँड असतात, म्हणजे सिग्नलच्या दोन वाटा. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, भिंती ओलांडतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जाड भिंतीपुढं हात टेकतो. शेडमधल्या वस्तूंना फक्त २.४ चालतो. ताई बसायच्या मागच्या खोलीत, दगडी भिंतींपलीकडं, म्हणून त्यांचा लॅपटॉपही २.४ वरच जायचा. टीव्ही, कॅमेरा, मीटिंग, सगळी गर्दी एकाच अरुंद पाणंदीत.

दोन्ही बँडना नाव एकच होतं. मी वेगळी केली: 'शेड' आणि 'ऑफिस'.

आबांनी स्क्रीनवर 'ऑफिस'पुढं लिहिलेलं '5G' बघितलं. "ह्यो फाइव्ह जी म्हंजी मोबाईलचा का?"

"न्हाई आबा. नाव सारखं, काम वेगळं."

शेड लगेच जोडली गेली. 'ऑफिस' मात्र मागच्या खोलीत पोचेना. राउटर मागं नेला की शेड सुटायची. लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो. चांगला सिग्नल फक्त पुढच्या सोप्यात, राउटरजवळ, आणि तिथं आबांचा दिवाण, टीव्ही आणि सकाळपासून जमणारी गावची मंडळी. मी तसं सांगितलं.

"राहू द्या शेखभाई, मी जाते पुण्याला," ताई म्हणाल्या.

आबांनी ते ऐकलं. उठून टीव्हीची पिन काढली. मग म्हणाले, "दिवाण शेडकडं घ्या. ज्याला वास सोसंल त्यो बसंल माझ्याजवळ. पोरी, तू हितं बस."

दिवाणाचं एक टोक मी धरलं. ताईंनी सोप्यातून मॅनेजरला व्हिडिओ कॉल लावला. आवाज एकदाही तुटला नाही. तो म्हणाला, महिनाभर बघू.

महिना कधीच उलटला. ताई अजून राहूतूनच काम करतात.

राउटर बदलून मागणारे रोज भेटतात. मी सांगतो, आधी बसायची जागा बदलून बघा.