वन्संना नाटक सांगणारी काकू

भोपाळमध्ये आजवर जेवढी मराठी नाटकं झाली, त्यांतली निम्मी ऐन प्रवेशात गेलेल्या विजेनं बिघडवली असतील आणि उरलेली आमच्या मोठ्या काकूनं. तिला गप्प बसून काही बघताच येत नसे. समोर घडणारी गोष्ट शेजारच्याला सांगितल्याशिवाय ती घडली यावर तिचा विश्वासच बसत नसावा. दूध उतू जायला लागलं तरी ती "वर आलं, वर आलं, आता कडेपर्यंत आलं बघ" असं सांगत उभी राही आणि गॅस बंद करायला दुसरं कुणीतरी धावे. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना, भटजी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात पलीकडून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मुलगा घामाघूम होऊन राहिलाय बिचारा, पण नाक चांगलं आहे." नवऱ्याच्या नाकाकडे मी नीट पाहिलं ते त्यानंतरच.

काका कारखान्यात होते, इंद्रपुरीजवळच्या टाउनशिपमध्ये त्यांचं क्वार्टर होतं. त्याच घरात माझी आत्या राही. ती टाउनशिपच्याच शाळेत संस्कृत शिकवायची. लग्न केलं नव्हतं, पण नाटकाशी संसार केल्यासारखा होता. गणपतीत मराठी मंडळाचं नाटक असलं की ती रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसे आणि कोण कुठे अडखळला हे घरी येऊन सांगे. काकू तिला 'वन्सं' म्हणे, आत्या काकूला 'वहिनी' म्हणे, आणि दोघी जन्मभर अहो-जाहो करतच भांडल्या. "वहिनी, 'येऊन राहिलाय' नव्हे, 'येतोय' म्हणा," असं आत्या सुधारायची. "तो आला की झालं ना वन्सं," असं उज्जैनची काकू उडवून लावायची. नाटकाशी काकूचा संबंध मध्यंतरातल्या समोशापुरता.

मग काचबिंदूनं आत्याची दृष्टी गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. त्या वर्षीच्या गणपतीत ती म्हणाली, "मी नाही येत नाटकाला. नुसते पाय वाजलेले ऐकायचे, त्यात काय?" रेशमी साडी कपाटातून बाहेरही आली नाही. ती काकूनं काढली, आत्याला नेसवली आणि म्हणाली, "चला. मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. "पडदा उघडला. दिवाणखाना आहे. सोफा आपलाच, परवा नेला तो, पण वर चादर घाणेरडी टाकली आहे. डावीकडून हिरो आला. कारखान्यातले ते स्टोअर्सचे साहेब. पोट आत घेतलंय, पण किती वेळ घेतील! हिरॉईन रुसून राहिली आहे. नाही, रुसली नाही, डायलॉग विसरली." पहिल्या अंकात लोकांनी 'शूः' केलं. दुसऱ्या अंकात मागचे लोक खुर्च्या पुढे सरकवू लागले. दिवसभर जिथे लोखंड ठोकलं जाई त्या शॉपमध्ये आयुष्य काढून कान गमावलेले एक सरदारजी तर वाकून म्हणाले, "भाभीजी, थोड़ा ज़ोर से. स्टेजवाले तो सुनाई ही नहीं देते." काकूला एवढंच हवं होतं.

पुढच्या वर्षी तिला वाटलं, नुसतं सांगून वन्संना स्टेजवरचं घर कळत नाही. म्हणून पहिल्या घंटेच्या आधीच ती आत्याचा हात धरून स्टेजच्या बाजूच्या उभ्या पायऱ्या चढून वर गेली. आत्यानं टेबल चाचपलं, खिडकी चाचपली, पुठ्ठ्याचं दार हलवून बघितलं. तिथेच स्टोअर्सचे साहेब मेकअप करून बसले होते. काकूनं आत्याचा हात सरळ त्यांच्या तोंडावर ठेवला. "आणि ह्या मिशा." मिशा आत्याच्या हातात आल्या. आत्यानं त्या शांतपणे परत केल्या आणि म्हणाली, "पीळ छान आहे. गोंद बदला." साहेबांनी अख्खा पहिला अंक नाकाखाली बोट धरून केला. नायकाचं चिंतन किती खोल होतं, याची टाउनशिपमध्ये नंतर बरीच तारीफ झाली.

मंडळाचे सेक्रेटरी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते आणि नाटकंही तेच बसवत. ते एके संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, पोहे घेतले आणि मग म्हणाले, "वहिनी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण परवा लोक माझ्या वाक्याला हसले नाहीत, तुमच्या वाक्याला हसले."

"मग मला पार्ट द्या," काकू म्हणाली.

आतून आत्याचा आवाज आला, "वहिनी, राहू द्या. माझ्या एकटीसाठी सगळ्यांना त्रास कशाला? मी नाही येणार यापुढे."

ती हे इतकं सहज म्हणाली की काकूचा चेहराच उतरला. ती सेक्रेटरींना म्हणाली, "वन्सं येणार. आम्ही शेवटच्या रांगेत बसू, मी कानात सांगीन. पुढे आवाज आला तर आम्हाला परत बोलावू नका."

मग काकूनं घरात कुजबुजण्याचा सराव सुरू केला. काही दिवसांनी समोरच्या क्वार्टरमधली मिश्राइन म्हणाली, "भाभी, आपकी भिंडी में नमक कम है, हमने भी सुन लिया." तरीही त्या वर्षी नाटकाला काकूनं कमाल केली. पदर तोंडाशी धरून ती दोन अंक आत्याच्या कानात बोलली आणि कुणाला शब्द ऐकू आला नाही. सरदारजी तेवढे नाराज होते.

शेवटच्या प्रवेशात म्हातारा बाप मुलाचं घर कायमचं सोडून जातो. बाप होते स्वतः सेक्रेटरी, आणि त्या प्रवेशात त्यांना एकही वाक्य नव्हतं. हॉल चिडीचूप. एरवी फक्त समोशांसाठी येणारी काकू ते बघून अशी रडायला लागली की तिला शब्दच फुटेना. आत्या वाट बघत राहिली. आणि मग वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेल्या तिच्या आवाजात तिनं विचारलं, "वहिनी, काय चाललंय? सांगा ना! तो गेला का?"

सगळ्या माना मागे वळल्या. काकूनं आत्याचा हात घट्ट धरला. आता आपलं नाटक बंद, हे तिला कळलं होतं. स्टेजवर सेक्रेटरी जागच्या जागी थांबले. क्षणभर ते अंधारात मागच्या रांगेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही अजून. किल्ली काढून टेबलावर ठेवतोय." विंगेत प्रॉम्प्टर हे वाक्य शोधत भराभर पानं उलटू लागला. "दाराशी आलोय. मागे वळून बघायचं आहे, पण बघवत नाही." ते थांबले. "निघालो." आणि गेले. टाळ्या वाजल्या त्या पडदा पूर्ण पडल्यानंतरही वाजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते की ती वाक्यं तालमीतच ठरली होती. काकूनं ते कधीच खोडलं नाही, कारण पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत, वाटेच्या कडेला, दोघींच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि स्टेजच्या पायऱ्यांना कठडाही लागला होता. नटांना मात्र वाईट खोड लागली. पुढे कित्येक वर्षं मंडळाच्या नाटकात कुणी "मी आता पाणी पितो" असं जाहीर केल्याशिवाय पाणी पीत नसे. एक खलनायक तर "मी चोरपावलांनी येत आहे" असं ओरडत आला होता. आत्या हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

आत्या गेल्याला आता बराच काळ झाला. टाउनशिपमधली मराठी घरं पांगली, कुणाची मुलं मंडीदीपला, कुणाची पुण्याला. मागच्या हिवाळ्यात मी काकूला शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात घेऊन गेले. तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार होता, ऐकू न येणाऱ्यांसाठी वर पाटीवर शब्द उमटत होते. काकू मांडीवर हात ठेवून पूर्ण वेळ गप्प बसली. इतकी गप्प की तिला बरं वाटत नाही की काय, म्हणून मी दोनदा वाकून बघितलं.

परतताना नेहरू नगरच्या वळणावर मी विचारलं, "काकू, आवडलं का नाटक?"

"चांगलंच असेल," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लोक टाळ्या वाजवत होते. माझंच नीट लक्ष नव्हतं. कुणाला सांगायचं नव्हतं ना."

"मग मला सांगायचंस."

काकूनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुला दिसतं की गं," ती म्हणाली.