हिच्या चपला

आमच्या हिच्या चपला अजून दाराशीच आहेत. ती जाऊन वर्ष होत आलं, पण मला त्या उचलवत नाहीत.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने घरी नर्स ठेवायचं ठरवलं. पहिली आली ती चांगली शिकलेली. तिने त्या चपला पायानेच बाजूला सारल्या. मी म्हटलं, "बाई, तुमचं काम चोख असेल, पण माझ्या घरी नको."

दुसरी दारात थबकली. आपल्या सँडल कोपऱ्यात काढून, हिच्या चपलांना वळसा घालून आत आली. मी लगेच म्हटलं, "उद्यापासून ये."

मुलगा फोनवर चिडला. "बाबा, अनुभव तरी विचारायचा!"

"तुझ्या आईने खानावळ चालवताना कुठल्या आचाऱ्याला अनुभव विचारला रे? आधी जेवायला बसवायची. शेजारच्याला काय हवं-नको ते बघतो का, एवढंच बघायची."

तिचंही चुकायचं. एका आचाऱ्याने तर तिखटाने गिऱ्हाइकं रडवली. पण ती अंथरुणाला खिळली तेव्हा तोच रोज पेज घेऊन यायचा. कामाला ठेवलेला माणूस शेवटी घरातच येतो ना.

काल नर्सने विचारलं, "आजोबा, आजींच्या चपला पुसून ठेवू?"

"नको गं. ती धूळ तिने चालून आणलीय."

आज सकाळी झाडूवाली आली, तेव्हा दारातून नर्सचा हळू आवाज ऐकू आला, "मावशी, तेवढी जागा सोडून झाडा."