कुटुंबप्रमुखाचा नंबर

माझी धाकटी बहीण नवऱ्याला सोडून माझ्याकडे बदलापूरला आली, तेव्हा घरात आम्ही एकच नियम केला. ती इथे आहे हे कुणाला सांगायचं नाही. तिच्या नवऱ्याचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्स शिवायचं युनिट आहे. माणूस चारचौघांत साखरेसारखा गोड, आणि घरात हात उचलणारा. 'पळालीस तर शोधून काढीन,' असं त्याने तिला बजावून ठेवलं होतं. म्हणून तिचं पार्सल माझ्या नावाने यायचं, आणि शेजारणीला ती माझ्या मिस्टरांची मावसबहीण म्हणून ठाऊक होती. आम्ही इतकं सांभाळलं. सरकारला काही ते जमलं नाही.

तिच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन योजनेतून होणार होतं, पण त्यासाठी कार्ड हवं होतं. आता रेशन, दवाखाना, शाळा, पेन्शन अशी सगळ्या खात्यांची माहिती एकत्र जोडून प्रत्येक घराला एक क्रमांक दिलाय म्हणे. आम्ही कुळगावातल्या सुविधा केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, "ओटीपी पाठवते हां, फोन हातात ठेवा."

बहिणीने झटकन त्यांचा हात धरला. "कुठल्या नंबरवर?"

नंबर नवऱ्याचा होता. दुसऱ्या कुणाचा असणार? आपल्याकडे कुठलंही शिबिर लागलं की बायका रांगेत उभ्या राहतात आणि नंबर नवऱ्याचा सांगतात. बाईच्या नंबरावर कोण कधी फोन करेल, त्यापेक्षा घरातल्या माणसाचा दिलेला बरा, ही आपली रीत. आमच्याकडे वडील जाऊनही त्यांचं सिम आईने चालू ठेवलं होतं, कारण गॅसपासून बँकेपर्यंत सगळं त्यांच्या नंबरावर. गेलेल्या माणसाला रिचार्ज मारायचं आणि त्याच्याकडून ओटीपी घ्यायचा. त्यावर आम्ही हसायचो.

"मग निदान तिची माहिती तिला दाखवा," मी म्हटलं.

"ओटीपीशिवाय नाय दाखवता येत मॅडम. प्रायव्हसी असते ना."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे जिची माहिती तिच्यापासून लपवायची आणि ज्याच्यापासून लपायचंय त्याची परवानगी घ्यायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. त्या बाईंवर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडले.

तिथून या नोंदी ठेवणाऱ्या अंबरनाथच्या सरकारी कार्यालयात. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, चहा मागवला. राग काढायला माणूस वाईट असावा लागतो, तेही नशिबात नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटर फिरवून मला नकाशा दाखवला. कुठल्या वस्तीत कुठला आजार जास्त, कुठे दवाखाना कमी पडतो, सगळं ठिपक्यांनी दिसत होतं.

"यात नाव नाही, पत्ता नाही," ते कौतुकाने म्हणाले. "योजना आखायला मोठी माहिती वापरायची, पण माणूस ओळखू येता कामा नये. तुमची बहीण इथे फक्त एक ठिपका आहे."

"साहेब, त्या ठिपक्याच्या नवऱ्याकडे फोन आहे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, हे मान्य करते. नोंद वेगळी करायची तर कोर्टाचा कागद हवा, नाहीतर कुटुंबप्रमुखाची संमती हवी, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मारणाऱ्याकडेच जाऊन संमती मागू का? बहीण खाली मान घालून बसली होती. पोट दुखत होतं म्हणून, की माझ्या आवाजाची लाज वाटून, कोण जाणे. आमच्या हेलपाट्यांनी पायताणं झिजली. शेवटी साहेबांनीच खास अधिकारात मार्ग काढला. तिचा अंगठा घेतला, नंबर बदलला. कार्डासाठी सध्याचा पत्ता लागतोच, म्हणून माझं लाइटबिल जोडलं.

"त्याला कळणार नाही ना?" बहिणीने दोनदा विचारलं.

"माहिती पूर्ण सुरक्षित आहे," साहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी बेल वाजली. मी आतलं दार उघडलं, तर सेफ्टी डोअरच्या जाळीपलीकडे तो उभा. हातातला मोबाइल त्याने माझ्यासमोर धरला. 'आपल्या कुटुंबातील सदस्याचा पत्ता बदलण्यात आला आहे,' आणि खाली आमची बिल्डिंग, मजला, फ्लॅट, सगळं. हा बदल मान्य नसल्यास कळवा, अशी विनंतीही होती. सुरक्षेसाठी कुटुंबप्रमुखाला असा मेसेज आपोआप जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई, टेन्शन कायको? मी कुठे राडा करायला आलोय," तो गोड हसत म्हणाला. "घर बघून ठेवलं. आता येत जाईन."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बहिणीने स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं होतं. तो गेल्यावरही ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेरून बडबडत राहिले, पोलिसांत जाऊ, कुलूप बदलू, आणि मला स्वतःलाच त्यातलं काही खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथला जाऊन साहेबांसमोर उभी राहिले. घसा बसेपर्यंत बोलले. त्यांनी नोंद तपासली, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. तरी म्हणाले, "ताई, नियमाने बघाल तर माहिती फुटलेली नाही. कुटुंबाबाहेर ती कुणालाच गेलेली नाही." मी वळले, दार आपटलं, आणि ते दार मुळी आपटणारं नव्हतं, हळूच आपोआप मिटणारं होतं.

ऑपरेशन मात्र त्याच कार्डावर झालं, नीट झालं. टाके काढायच्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर ती सकाळीच टाके काढून निघून गेली होती. दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "ताई, मी बरी आहे. काळजी करू नकोस."

"कुठे आहेस? पत्ता सांग, मी निघते."

ती शांतपणे म्हणाली, "नको ताई. कुटुंबातल्या कुणालाच सांगायचं नाही, असं ठरवलंय मी."